जुन्या गाडीचा केबलवरचा स्पीडोमीटर इलेक्ट्रॉनिक करताना

काटा नाचतो म्हणून स्पीडोमीटर इलेक्ट्रॉनिक करायला निघाला असाल, तर आधी केबल बाहेर काढून बघा. दहातल्या बहुतेक वेळी दोष मीटरात नसून केबलमध्ये असतो. आतली दोरी रॉकेलमध्ये धुवा, सरळ पृष्ठभागावर गडगडवून वाक तपासा आणि खालच्या दोन-तृतीयांश भागाला बोटाने पातळ ग्रीस लावा. मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवा, नाहीतर ग्रीस फिरत फिरत वर चढते आणि डायलमागे जाऊन बसते. केबलचे वळण १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ असेल तर मार्ग बदला. एवढ्यावर काटा शांत झाला तर पुढचे सगळे काम वाचले.

बदल करण्याची खरी कारणे वेगळी असतात. गिअरबॉक्स नवा बसवलाय आणि त्याला केबलचे तोंडच नाही. केबल किंवा तिचा काटकोनी जोड मिळेनासा झालाय. गिअरबॉक्सचे तेल केबलवाटे चढून डायल खराब करते. किंवा मीटरातला चुंबक इतका अशक्त झालाय की काटा कायम कमी दाखवतो, आणि पुन्हा चुंबकित करून देणारा कारागीर जवळपास नाही.

चुंबकाचे कारण समजून घेऊ, कारण पुढे तोच भाग बाहेर निघणार आहे. केबल एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती, कुठेही न टेकता, ॲल्युमिनियमचा कप असतो. फिरत्या चुंबकामुळे कपात भोवरे-प्रवाह निर्माण होतात, कप ओढला जातो आणि हेअरस्प्रिंग त्याला मागे खेचते. हा तोल जिथे साधतो तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना पुढे जवळपास शतकभर गाड्यांत राहिली. किलोमीटर किंवा मैल मोजणारे आकडे मात्र त्याच दांड्यावरून दातांच्या चाकांनी फिरतात, त्यांचा चुंबकाशी संबंध नसतो. म्हणून काटा चुकतो आणि आकडे बरोबर पडतात, असे नेहमी दिसते. इलेक्ट्रॉनिक करतानाही ही दोन वेगळी कामे आहेत. काट्याचे काम सोपे, आकड्यांचे अवघड.

तीन वाटा

पहिली वाट मीटरला हात न लावण्याची. गिअरबॉक्सवर सेन्सर बसवायचा आणि डॅशबोर्डखाली मोटर असलेला छोटा डबा ठेवायचा. सेन्सरच्या हिशेबाने मोटर फिरते आणि आखूड केबलने जुना मीटर चालवते. असे तयार डबे परदेशात मिळतात, महाग असतात. मीटर धडधाकट असेल आणि फक्त गिअरबॉक्स बदलला असेल, तर हीच वाट घ्या.

दुसरी जीपीएसची. बसवायला सर्वांत सोपी, पण काटा सेकंद-दोन सेकंद मागे राहतो आणि बोगद्यात आंधळा होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भातण आणि माडपच्या बोगद्यांत वेग पाहायची गरज असते, नेमके तिथेच तो काही दाखवत नाही. जीपीएस जुळवणी तपासायला उत्तम, काटा चालवायला नको.

तिसरी वाट म्हणजे मीटरचे अंतरंग बदलणे: जुनी डायल, जुना काटा, जुने आकडे आणि आत स्टेपर मोटरी, म्हणजे सांगितले तेवढी पावले मोजून फिरणाऱ्या मोटरी. या लेखाचा पुढचा भाग याच वाटेचा आहे. उदाहरणासाठी मैलांची डायल आणि तिच्यावर बारीक अक्षरात १००० छापलेला, स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा चुंबकी मीटर घेतला आहे. भारतात दशमान पद्धत रुळण्याआधी आलेल्या ब्रिटिश गाड्यांत मैलांचीच डायल असते.

मूळ मीटर उघडण्याआधी त्याच जातीचा एखादा मेलेला मीटर मिळवा आणि प्रयोग त्यावर करा. काढलेला चुंबक, कप, स्प्रिंग आणि स्क्रू एका डबीत नाव घालून ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात असावी ही अट आहे. मीटरच्या केसला, म्हणजे बाहेरच्या डब्याला, भोक पाडायचे नाही, डायल रंगवायची नाही, आणि काम एका दुपारी उलटवता आले पाहिजे. ही शिस्त पहिल्या स्क्रूपासून पाळा.

सामान

सेन्सर: तीन तारांचा हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेला की विजेचा ठोका देणारा), केबलच्या जागी आट्यांवर बसणारा, एका फेऱ्याला ८ ठोके देणारा. युरोपीय गाड्यांत १८ मिलिमीटर व्यासाचे दीड पिचचे आटे बरेच दिसतात, पण अंदाजाने मागवू नका. आटे आणि चौकोनी टोक व्हर्निअरने मोजा.

मेंदू: आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, १६ मेगाहर्ट्झचा.

काट्यासाठी: एक्स२७.१६८ स्टेपर आणि त्याचा व्हीआयडी ६६०६ चालक (मोटरला पावले टाकायला लावणारी चिप).

आकड्यांसाठी: नेमा ८ मापाची स्टेपर मोटर (तोंड २० मिलिमीटर चौरस, फेऱ्याला २०० पावले) आणि टीएमसी २२०८ चालक. स्वस्त ए४९८८ चालतो, पण त्याची किणकिण डॅशबोर्डमधून ऐकू येते.

वीज: १ अँपिअरचा फ्यूज, १एन५८१९ डायोड, पी६केई२४ए सप्रेसर (विजेचे उसळे शोषणारा), ४७० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर, एलएम२५९६ चे ५ व्होल्टचे मॉड्यूल. शिवाय जाळीची तीन-तारी केबल, दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा, पितळी बुश. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत सेन्सर सोडून सगळे एका फेरीत मिळते.

आधी मोजणी, मग खोलाखोली

डायलवरचा १००० म्हणजे केबलचे एका मैलाला हजार फेरे. मैलाच्या डायलला हे फार सोयीचे पडते, कारण ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणून त्या वेगाला केबल मिनिटाला बरोबर १००० फेरे फिरते. पण हा आकडा मीटरचा आहे, गाडीचा नाही. टायर, मागच्या एक्सलचे दात किंवा गिअरबॉक्स बदलला असेल तर गाडीचा आकडा वेगळा असतो, आणि तोच आपल्याला हवा.

केबल मीटरकडून सोडवा, दोरीच्या टोकाला कागदाची झेंडी चिकटवा. टायरांत हवा नेहमीच्या दाबाची भरा. सपाट जागी १६.०९ मीटरवर दोन खडूच्या रेषा मारा. हा मैलाचा शंभरावा भाग. गाडी न्यूट्रलमध्ये ढकला, झेंडीचे फेरे मोजा आणि शंभराने गुणा. दहा फेरे आले तर १०००. पाव फेऱ्याची चूक अडीच टक्क्यांची होते, म्हणून तीनदा मोजा. शेवटची बारीक जुळवणी रस्त्यावर होणारच आहे.

एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचा मोह टाळा. डिफरन्शिअलमुळे जमिनीवरचे चाक थांबलेले असताना उचललेले चाक दुप्पट फिरते, आणि तुमचा आकडा निम्मा येतो. ही चूक इतकी सर्रास होते की कोणी पाचशेच्या आसपासचा आकडा सांगितला, तर आधी जॅकबद्दल विचारावे.

सेन्सर ८ ठोक्यांचा, म्हणून मैलाला ८००० ठोके. ताशी ६० मैलांना सेकंदाला १३३.३ ठोके, दोन ठोक्यांत ७.५ मिलिसेकंद. हे आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा, पुढे सारखे लागतात.

सेन्सर बसवणे

आट्यांचा सेन्सर हाताने फिरवून बसवा, चौकोनी टोक खाचेत शिरल्याचे जाणवले की मगच पाना लावा. जोर लावून आवळले आणि टोक बसले नसेल, तर गिअरबॉक्समधले प्लास्टिकचे दाते तुटतात.

गिअरबॉक्सला तोंडच नसेल तर प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या दांड्यावर, चुंबक बसवा. चुंबक जोडीने, समोरासमोर, म्हणजे शाफ्टचा तोल बिघडत नाही. आधी एपॉक्सी, वरून स्टीलचा पट्टा. जागा गिअरबॉक्सलगतची, कारण एक्सलकडचे टोक खड्ड्यात वर-खाली होते आणि सेन्सरचे अंतर बदलते. तीन ते पाच मिलिमीटरची फट ठेवा. ए३१४४ जातीचा सेन्सर फक्त दक्षिण ध्रुव ओळखतो, चुंबक उलटा चिकटवला तर काहीच होत नाही, आणि माणूस दिवसभर वायरिंग तपासत बसतो. चिकटवण्याआधी सेन्सरला वीज देऊन, त्याच्या तारेवर मल्टिमीटर लावून ध्रुव पाहा. यात ठोक्यांचा हिशेब चाकाचा घेर, एक्सलचे गुणोत्तर आणि चुंबकांची संख्या यांवरून करावा.

फोक्सवॅगन बीटलवाल्यांची गोष्ट निराळीच. तिथे केबल गिअरबॉक्समधून येत नाही, डाव्या पुढच्या चाकाच्या टोपीतून येते. गाडीखाली सेन्सरची जागा शोधू नका.

सेन्सरची तार इग्निशन कॉइल, प्लगच्या तारा आणि डायनॅमोपासून लांबून न्या. जाळी एकाच टोकाला, आर्डुइनोकडे, अर्थला जोडा. सेन्सरचा अर्थ गिअरबॉक्सच्या अंगावर देऊ नका, तो तारेतून आर्डुइनोपर्यंतच आणा. नाहीतर स्टार्टरचा प्रवाह त्याच वाटेने घुसतो.

मीटर उघडणे

स्मिथ्सच्या काचेभोवतीची कडी सहसा फिरवून निघते. तिच्या पाठीमागची नखे केसच्या खाचांसमोर आली की ती सुटते. आतले रबर वाळून दगड झालेले असते, हेअर ड्रायरने गरम केले की हलते. व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या मीटरची कडी दुमडलेली असते, ती उचकटताना बहुधा वाया जाते, नवी आधी मागवून ठेवा.

एक इशारा गंभीरपणे घ्या. १९६० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या ज्या डायलवर अंधारात चमकणारा रंग होता, त्यात खरे रेडियम असू शकते. चमक मेली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षे राहतो. हे गाडीच्या मागे चिकटवायचे ‘रेडियम’ नव्हे. खरवडू नका, फुंकर मारू नका, हातमोजे घाला, आणि भुकटी सुटत असेल तर तो मीटर तसाच बंद करून दुसरा घ्या.

काटा काढण्याआधी एक खूण हवी. काटा शून्याच्या खुंटीवर ताणाने टेकलेला असतो, खरे शून्य त्याच्या खाली असते. हलकेच उचलून खुंटीपलीकडे सोडा, तो कुठे थांबतो ते टिपा. ही नोंद जुनी यंत्रणा परत बसवताना लागते. मग डायलवर कागद ठेवून दोन चमच्यांच्या पाठींनी काटा सरळ वर काढा. तिरपा ओढला तर बारीक दांडा वाकतो.

आकड्यांचे वाचन लिहून ठेवा. काम झाल्यावर तेच वाचन दिसले पाहिजे.

काट्याची मोटर

कप, स्प्रिंग आणि त्यांचा पूल काढा. आकड्यांची चौकट तशीच राहू द्या. पत्र्याची पट्टी कापून एक्स२७.१६८ डायलच्या मध्यभागी येईल अशी जुन्याच स्क्रूंवर बसवा. मध्य अर्धा मिलिमीटरही हलला तर काटा एका बाजूला डायल घासतो. जुन्या काट्याचे भोक नव्या दांड्याशी जुळत नाही. काट्याचे भोक मोठे करू नका, पितळी बुश खरादवून घ्या.

ही मोटर ३१५ अंशांपर्यंत फिरते, चालकाशिवाय तिचे पाऊल एक-तृतीयांश अंशाचे. चालकासह ते एक-बारांश अंशाचे होते आणि काटा घड्याळासारखा टकटक न करता तरंगत जातो. चावी लावताच तिला मागे अडथळ्यापर्यंत न्यायचे आणि तिथून शून्य मोजायचे, कारण तिला स्वतःची जागा माहीत नसते. जुना काटा नव्यापेक्षा जड असतो, म्हणून वेग हळूहळू वाढवावा. झटक्याने हलवल्यास पावले चुकतात आणि नंतर काटा कायम दोन-चार मैल खोटा दाखवतो.

जुन्या डायलवरचे अंतर सगळीकडे सारखे नसते, खालचे पहिले दहा मैल अनेकदा दाटीवाटीने बसवलेले असतात. म्हणून सरळ गुणोत्तर चालत नाही. दर दहा मैलांच्या खुणेवर काटा हाताने आणून पावले लिहा आणि मधल्या जागा प्रमाणात भरा. अर्ध्या तासाचे कंटाळवाणे काम आहे, पण सगळी अचूकता इथेच मिळते.

आकड्यांची मोटर

बरेच जण इथे हार मानून डायलमध्ये छोटा डिजिटल पडदा घालतात. तसे करू नका, जुन्या डायलची सगळी शोभा जाते.

मुख्य दांड्यावरचा स्क्रूदाता एक चाक फिरवतो, त्यावरचा विकेंद्री भाग खटका पुढे-मागे ढकलतो आणि खटका आकड्यांची चाके दाताने दात सरकवतो. मुख्य दांडा थेट मोटरने फिरवायचा तर ६० मैलांना मिनिटाला १००० फेरे हवेत, मोटर गुणगुणते आणि तापते. त्याऐवजी विकेंद्री चाकाच्या दांड्यालाच मोटर जोडा. चाकाचे दात मोजा. ४० असतील तर १००० ला ४० ने भागून मैलाला २५ फेरे, २०० पावलांच्या मोटरला ५००० पावले. ६० मैलांना सेकंदाला फक्त ८३ पावले, मोटर आरामात करते. जुना स्क्रूदाता मात्र चाकापासून मोकळा करावा लागतो, नाहीतर चाक हलतच नाही. जोड रबरी नळीच्या तुकड्याचा ठेवा, आवाजही दबतो.

हिशेब अपूर्णांकात करू नका. एका खात्यात दर ठोक्याला ५००० मिळवा. खात्यात ८००० किंवा जास्त झाले की मोटरला एक पाऊल टाकायला सांगा आणि ८००० वजा करा. पूर्णांकांत काम केल्याने हजारो मैलांनंतरही चूक साचत नाही. चालकाचा प्रवाह ०.२ अँपिअरच्या आसपास ठेवा आणि गाडी थांबल्यावर पाच सेकंदांनी चालक बंद करा. बंद केसमध्ये उष्णता कोंडते.

वेग मोजायची रीत

एका सेकंदात किती ठोके आले ते मोजणे ही पहिली सुचणारी आणि चुकीची रीत. ताशी ५ मैलांना सेकंदाला ११ ठोके येतात, एक इकडे-तिकडे झाला की नऊ टक्क्यांची उडी. त्याऐवजी दोन ठोक्यांमधला काळ मोजा. नॅनोचा पहिला टायमर ६४ ने भागून चालवला की तो ४ मायक्रोसेकंदांनी मोजतो, आणि ठोक्याची वेळ डी८ या पिनेवर आपोआप टिपली जाते. वेग = ३६,००,००० भागिले (मैलाचे ठोके × मिलिसेकंद). टायमर २६२ मिलिसेकंदांत भरतो. तोवर ठोका आला नाही म्हणजे वेग दोन मैलांच्या खाली, काटा शून्यावर न्या.

सरासरी नेमक्या आठ ठोक्यांची घ्या, सातची नको, दहाची नको. सेन्सरमधले चुंबक सारख्या अंतरावर नसतात, पण पूर्ण फेऱ्याचा काळ घेतला की ती विषमता आपोआप विरते. ताशी दहा मैलांखाली मात्र शेवटचे दोनच ठोके घ्या, नाहीतर सिग्नलला थांबताना काटा गाडीच्या मागून रेंगाळत येतो. ३ मिलिसेकंदांपेक्षा जवळचे ठोके फेकून द्या. ते ताशी १५० मैलांचे असतात, म्हणजे प्लगच्या ठिणगीचे.

वीज

क्रम असा: चावीची तार, फ्यूज, डायोड, सप्रेसर, कपॅसिटर, मग ५ व्होल्टचे मॉड्यूल. जुना रेग्युलेटर आणि हॉर्न मिळून जे उसळे देतात, ते नॅनोच्या स्वतःच्या रेग्युलेटरला झेपत नाहीत. ७८०५ वापरू नका. अर्धा अँपिअर घेतला तर १४ व्होल्टांवर साडेचार वॉट उष्णता तिथेच जळते.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असते, एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये तर १९६७ पर्यंत होते. अशा गाडीत मीटरची केस धन असते. आपल्या सर्किटचा ऋण अर्थ तिला लागला की फ्यूज उडतो, फ्यूज नसेल तर तार जळते. एक तर गाडी ऋण अर्थवर आणा, नाहीतर विलग प्रकारचा (आतली आणि बाहेरची वीज एकमेकींना न जोडणारा) डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा आणि सर्किट प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

टेबलावर आणि रस्त्यावर

गाडीत बसवण्याआधी दुसऱ्या नॅनोतून १३३ हर्ट्झचा ठोका द्या. काटा ६० वर आला पाहिजे. टेबलावर सेन्सर न जोडताच काटा साडेबावीसवर जाऊन बसला तर दचकू नका. घरच्या विजेचे ५० हर्ट्झ उघड्या तारेतून शिरलेत, आणि आपल्या हिशेबात ५० हर्ट्झ म्हणजे साडेबावीस मैल. सेन्सरची तार ५ व्होल्टला जोडून ठेवणारा ४.७ किलो-ओहमचा पुल-अप रोधक लावायचा राहिला आहे.

रस्त्यावर सोबत्याच्या हाती जीपीएस द्या, चालवणाऱ्याने त्यात डोके घालू नये. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ३०, ४० आणि ५० मैलांना प्रत्येकी अर्धा मिनिट वेग स्थिर ठेवा. तिन्ही ठिकाणी सारख्याच टक्क्यांचा फरक असेल तर मैलाचे ठोके बदला. एकाच ठिकाणी असेल तर दोष काट्याच्या तक्त्यात आहे. काटा खऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त दाखवेल असा ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीतही मीटरने वेग कधीच कमी दाखवू नये असे आहे. जास्त मात्र दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत चालतो. आकड्यांना ही वाढ लावू नका, ते खरे अंतर मोजतात. म्हणून काट्याचा आणि आकड्यांचा गुणक प्रोग्रामात वेगळा ठेवा.

नंतर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी उभी, इंजिन चालू आणि काटा थरथरतो: प्लगच्या तारांचा त्रास. रोधक असलेल्या तारा किंवा टोप्या लावा, सेन्सरच्या तारेवर १ किलो-ओहमचा रोधक आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घाला. स्टार्टर मारला की काटा भलतीकडे जातो: व्होल्टेज कोसळून नॅनो मध्येच पुन्हा सुरू होतो. कपॅसिटर मोठा करा आणि शून्य शोधण्याआधी दोन सेकंद थांबायला लावा. मीटर थंड असताना ठीक आणि तासाभराने मैल कमी पडू लागतात: आकड्यांच्या चाकांवरचे जुने ग्रीस चिकट झाले असून तापलेल्या मोटरची पावले चुकत आहेत. चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घड्याळाच्या तेलाचा एकेक थेंब द्या. प्रवाह वाढवून उत्तर शोधू नका, खटक्याचा दात तुटेल. ठरावीक वेगालाच आकड्यांतून घरघर येते: मोटरचा अनुनाद. रबरी वॉशर बदला किंवा चालकाची सूक्ष्म पावले वाढवा.

टायर बदलले की १६.०९ मीटरच्या त्याच दोन रेषा पुन्हा मारा. मैलाचे ठोके नॅनोच्या स्थायी स्मृतीत ठेवले असतील आणि एक छोटे बटण दिले असेल, तर केस पुन्हा उघडावी लागत नाही. बटण मात्र डॅशबोर्डच्या मागे लपवा.